चालू होते, पण चालत नाही

"चालू होते, पण चालत नाही," उस्ताद फोनवर म्हणाले.

मी क्षणभर गोंधळले. कारण गेला महिनाभर त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, उस्तादांबद्दल हेच गाऱ्हाणं होतं: तोंड चालू असतं, पण माणूस चालत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते. आत्ता चालला नाहीत तर गुडघा आखडेल तो कायमचा, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. उस्तादांनी मान डोलावली आणि घरी येऊन गवत कापायची गाडी पायरीला लावून घेतली. खुर्चीतून उठायचं ते थेट तिच्या सीटवर. पेपर आणायला फाटकापर्यंत गाडी, शेजाऱ्याशी वाद घालायला कुंपणापर्यंत गाडी. कापायला गवत उरलं नव्हतं, तरी फेऱ्या सुरूच.

सहा दिवसांपूर्वी तीच गाडी पेडल दाबूनही चालेना. काकूंनी शेजाऱ्याला हाताशी धरून ती ढकलत शेडमध्ये नेऊन लावली, व्हरांड्यापासून वीसेक पावलांवर. आणि उस्ताद खुर्चीला चिकटले ते चिकटलेच.

मी त्यांच्या गॅरेजमध्ये नऊ वर्षं काढली. दिसलं मशीन की उघड, अशी माझी खोड, म्हणून त्यांनी मला घाईबाई नाव ठेवलं. आता माझं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली दोन माणसं आहेत, पण नाव काही सुटलेलं नाही.

"आलीस, घाईबाई?" उस्ताद व्हरांड्यातून गरजले. "आधी ऐक, मग बघ, मग हात लाव."

मी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. पातं फिरलं. पेडल दाबलं, तर गाडी ढिम्म. इंजिन बंद करून खाली डोकावले. पट्टा जागेवर होता, स्प्रिंग शाबूत होती, ब्रेक अडकलेला नव्हता. मग मी मागे जाऊन वाकले. मागच्या चाकांजवळ एक बोटभर दांडी असते. ती बाहेर ओढली की चाकं गिअरपासून सुटतात आणि बंद गाडी हाताने ढकलता येते. दांडी बाहेर होती.

ढकलून झाल्यावर आत सारायची राहिली असेल, असं मनाशी म्हणत मी हात पुढे केला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू दिसल्या, हातात ओलं ताट. त्यांनी नको अशी मान हलवली. एकदाच, सावकाश.

माझ्या डोक्यात उशिरा का होईना, उजेड पडला. गाडी ढकलायची म्हणून दांडी ओढली नव्हती. काकूंनी दांडी ओढली, म्हणून गाडी ढकलायची वेळ आली होती.

"काय झालंय?" उस्तादांनी विचारलं.

खरं सांगते, अब्रू वाचवायचा फार मोह झाला. पण त्या माणसाचा गुडघा माझ्या अब्रूपेक्षा मोलाचा होता.

"कळत नाही, उस्ताद."

"पट्टा बघितलास?"

"कुठला पट्टा?"

खुर्ची करकरली. उस्ताद पुढे सरकून बसले.

"पेट्रोल बदलून बघू का?" मी विचारलं.

"इंजिन चालू होतंय ना? मग पेट्रोलने काय घोडं मारलंय?"

"मग प्लग बदलते."

"अगं, चाकं फिरत नाहीत. डोकं घरी ठेवून आलीस का?"

"मग राहिला गिअरबॉक्स. काकू, हातोडी आहे का?"

काकू हातोडी घेऊन इतक्या चटकन आल्या की बहुतेक ती त्यांनी आधीच काढून ठेवली असावी. मी ती उगारली.

"खबरदार," उस्ताद म्हणाले, आणि उठले.

एक हात भिंतीवर, दुसरा मांडीवर. मग पायरी. मग भिंत संपली. ते थांबले. मला वाटलं, आता मागे फिरतात. माझा उचललेला हात भरून आला होता, पण हातोडी खाली ठेवायची हिंमत नव्हती. त्यांनी एक शिवी हासडली, मला की गुडघ्याला कोण जाणे, आणि पाऊल टाकलं. मग दुसरं. काकूंचे ओठ हलत होते, त्या पावलं मोजत होत्या.

घामाघूम होऊन ते पोचले. हातोडी काढून घेतली आणि न वाकताच म्हणाले, "दांडी बाहेर आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्या दिवशी मी बसल्याबरोबर गाडी उतारावर सरकली. गिअरला जोडलेली गाडी सरकते का कधी?"

"अहो, मग सहा दिवस गप्प का बसलात?" काकूंनी विचारलं.

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, कळलंय तर जा आणि आत सारा." उस्ताद गाडीच्या सीटला धरून उभे होते. "भीती वाटत होती गं. वाटेत गुडघ्याने दगा दिला तर?"

नऊ वर्षांत त्यांच्या तोंडून मी भीती हा शब्द ऐकला नव्हता. मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी खाली वाकले.

"सारू का आत?"

उस्तादांनी मागे वळून व्हरांड्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नको. राहू दे तशीच."

माझा खांदा धरून ते निघाले. निम्म्या वाटेवर त्यांनी हात काढून घेतला.

"उद्याही ये," ते म्हणाले. "आणि एवढाच मठ्ठपणा कर."