विसण

मिस्त्रींच्या घरात एक शब्द उच्चारायला बंदी होती. तो शब्द म्हणजे विसण. कढत पाण्यात गार पाणी ओतून ते अंगावर घेण्याजोगं करायचं, एवढाच काय तो त्याचा अर्थ. पण मिस्त्रींनी चाळीस वर्षं गीझर बसवले आणि दुरुस्त केले होते, आणि त्यांचं म्हणणं असं, की ज्याला विसण लागतं तो गीझरच नव्हे, ती नुसती चूल. त्यांच्या हातच्या गीझरचा नळ सोडायचा आणि सरळ खाली बसायचं. पाणी जोखायला त्यांनी कधी थर्मामीटर वापरला नाही. उजवा हात धारेखाली धरायचा, मनात पाच आकडे म्हणायचे आणि थर्मोस्टॅटची चकती केसभर इकडे नाहीतर तिकडे फिरवायची. लोकही असे, की कंपनीच्या माणसाला दारातून परत पाठवायचे आणि मिस्त्रींची वाट बघत दोन दोन दिवस गार पाण्याने अंघोळ करायचे. एवढं कौतुक झाल्यावर कोणीही थोडा चढणारच, आणि हे तर मुळातच नाकावर माशी बसू न देणारे.

आणि आता अशा माणसाच्या स्वतःच्या घरातला गीझर महिनाभर कोमट पाणी देत होता. निदान मिस्त्रींचं म्हणणं तसं होतं.

आधी त्यांनी तळाचं झाकण उघडून कॉइल बाहेर काढली. तिच्यावर क्षारांची पांढरी खपली धरली होती, ती खरवडली. पाणी कोमटच. कॉइल नवी घातली. तरी कोमट. थर्मोस्टॅट बदलला, तारा तपासल्या, वीज पुरेशी येते की नाही तेही मीटर लावून पाहिलं. दर वेळी चकती थोडी वर सरकवायची, हात धरायचा, पाच म्हणायचे आणि तोंड कडू करून बाहेर यायचं.

"पाणी चांगलं तापतंय की," बायको एकदा म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

बायकोने तोंडाला कुलूप घातलं. एवढ्या वर्षांच्या संसारात ती बाकी बहुतेक विषयांवर जिंकली होती, पण गीझरच्या विषयावर एकदाही नाही.

एरवी मिस्त्रींनी आणखी दोन महिने त्या टाकीशी झटापट केली असती. पण मुलगी येणार होती, चार महिन्यांच्या बाळाला घेऊन, पहिल्यांदाच. फोनवर ती म्हणाली, "बाबा, बाळाच्या अंघोळीच्या पाण्याची मला धास्तीच असते. दहा वेळा हात घालून बघते, तरी वाटतं, जास्त कढत तर नाही ना?"

मिस्त्री हसले. "इथे कसली धास्ती? नळ सोड आणि घाल अंघोळ. बापाच्या घरी येतेयस तू."

तिलाही ते पटलं. ती त्याच नळाखाली लहानाची मोठी झाली होती.

तिची बस अकराच्या सुमारास यायची होती. सकाळी मिस्त्रींनी शेवटचं धारेखाली हात धरून पाहिलं आणि हात टेकले. टाकीच गेली म्हणायची. आता नवा गीझर आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. निघता निघता, एवढी रड आहे तर बघू तरी किती तापतो, म्हणून त्यांनी चकती पार शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली आणि बटण चालूच ठेवून ते घराबाहेर पडले. बायको गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिला सांगायचं राहून गेलं.

रस्त्यात त्यांच्या एका पायातली चप्पल निसटून मागे राहिली. दहा पावलं गेल्यावर फळवाल्याने हाक मारली, तेव्हा कुठे कळलं. दहा वर्षं त्यांना साखरेचा त्रास होता, पायांना मुंग्या यायच्या, आणि डॉक्टर दर खेपेला बजावायचे, की पाय रोज तपासत जा. पण डॉक्टर बोलायचे पायांबद्दल आणि मिस्त्रींचा धंदा होता हातांचा, म्हणून त्यांनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

दुकानात गल्ल्यावर दुकानदारीण होती. तिच्या वडिलांच्या काळापासून मिस्त्री इथूनच सुटे भाग नेत.

"काका, तुम्ही आणि नवा गीझर? आज सूर्य कुठून उगवलाय?"

"थट्टा पुरे. लहान बाळ येतंय घरी. पंचवीस लिटरचा दाखव. तो लगेच तापणारा छोटा नको, त्याचं पाणी एक तांब्या कढत आणि एक तांब्या गार."

"पाणी क्षाराचं आहे ना तुमच्याकडे? मग आतून काचेचा लेप दिलेला घ्या, लवकर सडत नाही. हा बघा, इथे नळाला जोडूनच ठेवलाय. पाणी किती तापलं त्याचा आकडासुद्धा दिसतो."

"आकडे तुझ्या गिऱ्हाइकांना दाखव. मला नळ सोडून दे."

तिने नळ सोडला. मिस्त्रींनी बाही सारली, उजवा हात धारेखाली धरला आणि डोळे मिटून मोजायला लागले. पाच झाले. सहा, सात.

"घ्या! हासुद्धा कोमट. अगं, नवा माल म्हणून हे असलं..."

"काका!" दुकानदारणीने त्यांचं मनगट पकडून हात बाहेर ओढला. "काका, छप्पन्न आहे पाणी! वाफ दिसत नाही का?"

मिस्त्रींनी हाताकडे पाहिलं. बोटांपासून मनगटापर्यंत तो लालभडक झाला होता. तिने तो हात तसाच धरून गार पाण्याच्या नळाखाली नेला आणि बऱ्याच वेळाने हळूच विचारलं, "तुम्हाला काहीच कळलं नाही?"

 मिस्त्री हिशेब करत होते. महिनाभर, दर दोन-चार दिवसांनी, चकती थोडी वर. आणि आज ती शेवटाला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. 

घरचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. त्यांनी बाहेर धाव घेऊन रिक्षा थांबवली. हात गेला, चाळीस वर्षांचं नाव गेलं, यातलं काहीही त्या वेळी त्यांच्या मनात नव्हतं. नळ सोड आणि घाल अंघोळ, हे स्वतःचंच बोलणं तेवढं कानात घुमत होतं. एवढ्या गीझरना त्यांनी हात लावला, पण एखादा बंद पडावा असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. आज त्या रिक्षात बसून ते मनाशी म्हणत होते, की माझा गीझर बंद पडलेला असू दे, कॉइल जळू दे, वीज जाऊ दे, काय वाटेल ते होऊ दे.

दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत प्रवासाची बॅग, तिच्यावर छोटी छोटी झबली. बाथरूममधून वाफ येत होती. मिस्त्री चपलांसकट आत धावले.

मुलगी पाटावर पाय पसरून बसली होती आणि तिच्या पायांवर बाळ ओलंचिंब होऊन हातपाय झाडत होतं. बायको शेजारी वाकून, एका बादलीतलं पाणी तांब्याने दुसऱ्या बादलीत ओतत होती. ती विसण घालत होती.

"बाबा, केवढं कढत करून ठेवलंत!" मुलगी म्हणाली. "मी नळ सोडून बाळाला खाली धरणारच होते. तुम्हीच म्हणाला होतात ना? आईने धावत येऊन माझा हात धरला."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे?" ती नजर चुकवत म्हणाली. "महिना झाला, रोज गार पाण्याची बादली भरून घेते मी. तुमच्या अंघोळीची बादलीही मीच आधी भरून त्यात गार ओतून ठेवते."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं एकदा. नंतर धीर झाला नाही. तुमच्या त्या हातावर घर चाललं आपलं. कोणत्या तोंडाने सांगू?"

मुलीला यातलं काहीच कळलं नव्हतं. बाळाच्या अंगावर टॉवेल गुंडाळत तिने विचारलं, "थर्मोस्टॅट गेला असेल ना, बाबा?"

"हो, गेलाच असेल," बायको घाईने म्हणाली. "जुनाच झालाय तो गीझर."

मिस्त्रींनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. दुरुस्त्या सांगून वेळ मारून न्यायला त्यांना कोणी शिकवायला नको होतं. 

"गीझर ठणठणीत आहे," ते म्हणाले. "माझा हात गेलाय. मला कढत-गार कळत नाही आता. बाळाचं पाणी माझ्या भरवशावर घेऊ नकोस. कधीच घेऊ नकोस."

मुलीने त्यांच्या लाल झालेल्या हाताकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. पण बापाची कीव करण्याची या घरात पद्धत नव्हती. तिने नाक ओढलं, मिस्त्रींना बाहेरच्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि टॉवेलसकट बाळ त्यांच्या मांडीवर दिलं.

"धरा. मी झबलं घेऊन येते." आणि बॅगेत हात घालता घालता, लहानपणापासूनच्या सवयीने तिने विचारलं, "पाय गार पडलेत का हो त्याचे, बाबा? मोजे घालू?"

मिस्त्रींनी बाळाचा पाय मुठीत धरला. एक पाय मुठीत आहे, एवढंच त्यांना समजलं.

"मला सांगता येत नाही गं," ते म्हणाले.

 मग मिस्त्री खाली वाकले आणि तो पाय त्यांनी आपल्या गालाला लावला. तसाच लावून ठेवला.

"गार आहे," ते म्हणाले. "घाल मोजे."