वर बाळंतीण आहे

मी पिंजरा बोलतोय. जाड तारेचा, खाली पत्र्याचा ट्रे आणि पुढे वरून पडणारं दार. शहरात शिरलेली जनावरं धरायची आणि लांबच्या झाडीत सोडून यायची, हा माझा धंदा. एका वेल्डरने मला दोन दिवसांत उभं केलं, त्याला बरीच वर्षं झाली. आता अंगाला गंज धरलाय आणि कामाचा मनापासून कंटाळा आलाय.

'शिरलेली' हा माणसांचा शब्द. झाडीत सोडलेली निम्मी जनावरं चार दिवसांत परत येतात. एका थोराड वानराला मी तीनदा पोचवून आलो. शेवटी त्याच्यापेक्षा मीच दमलो.

मला वापरणाऱ्याला सगळे भाऊ म्हणतात. त्याची एक पद्धत आहे. दार पडलं की लगेच माझ्यावर गोणपाट टाकायचं आणि झाडीत पोचेपर्यंत काढायचं नाही. माणसं दिसली की जनावर तारांवर डोकं आपटून घेतं. भाऊ हे मायेनेच करतो.

गेल्या वर्षी मला एका दातांच्या दवाखान्यात नेलं. छतात उदमांजर होतं. पेशंट आ वासून पडला की वरून माती पडायची. डॉक्टरीणबाई वैतागल्या होत्या, आणि काउंटरवर बसणाऱ्या त्यांच्या नणंदबाई त्याहून जास्त. "एक तर ते राहील, नाहीतर मी," असं त्यांनी भाऊला बजावलं.

मला माळ्यावर, छतातल्या उदमांजराच्या येण्याजाण्याच्या भोकाशी ठेवलं, आत पिकलेलं केळं. सकाळी दवाखाना उघडायच्या आत दार पडलं. उदमांजर आत येऊन बसलं, आणि ट्रेवर काहीतरी कोमट ठिबकलं. दूध होतं ते. मला तेव्हाच कळलं की हिची पिल्लं आत कुठेतरी आहेत.

भाऊने गोणपाट टाकलं. गवंडी तयारच होता. आम्ही जिना उतरेपर्यंत त्याने छताचं भोक बुजवायला घेतलं. मी वाटभर कुरकुरलो, पण माझी कुरकुर भाऊच्या कानाला सवयीची.

झाडीत त्याने गोणपाट काढलं, दार उचललं. ती हलेना. एरवी जनावरं बाणासारखी सुटतात. जखम झाली असेल म्हणून तो वाकला, आणि त्याला ओला ट्रे दिसला.

"अरे देवा," तो म्हणाला आणि तिथेच खाली बसला. मग त्याने दार पाडलं आणि मला पुन्हा गाडीत घातलं.

दवाखान्यात खुर्चीवर पेशंट होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "भाऊ, अहो, प्लास्टर अजून ओलं आहे."

"ओलं आहे तोवरच फोडू द्या. आत हिची पिल्लं आहेत."

त्यांनी वर छताकडे बघितलं. नणंदबाई मात्र उठल्या, कपाटातून हातोडी काढून भाऊच्या हातात दिली आणि पेशंटकडे वळल्या. "तुम्ही उद्या या. आज वर बाळंतीण आहे."

भोक मोकळं झालं. तीन पिल्लं होती. दोन वळवळत होती. तिसरं गवंड्याच्या ओल्या मालाखाली सापडलं. भाऊने ते आपल्या रुमालात घेतलं आणि बराच वेळ शिडीवरून उतरलाच नाही. मग मला भोकाशी टेकवून त्याने दार उचललं. ती माझ्याकडे न बघता आत गेली. बघितलं नाही तेच बरं झालं.

पिल्लं मोठी होईपर्यंत भोक तसंच राहिलं. खुर्चीवर नणंदबाईंनी जुनी चादर ताणून बांधली. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "माती पडते थोडी, डोळे मिटा."

भाऊ आता आधी टॉर्च घेऊन वर चढतो आणि कानाकोपरा बघतो. आम्ही दोघंही थकलोय. उद्या तो जाईल, मला दुसरा कोणी उचलेल, आणि ते तिसरं पिल्लू त्याला ठाऊक नसेल. म्हणून तुम्हाला सांगतो. मला लावण्याआधी एकदा वर चढून बघा. पाय पडला की माझं दार पडतं, आत कोण आलंय ते मला कळतं नंतर.