ग्लुकोजची पुडी

सिनेमा असा की पाहायला कुणी काळं कुत्रंही फिरकणार नाही. गर्दच्या नशेत बुडालेला माणूस, एक कोंदट खोली, आणि गाणं म्हणाल तर औषधालाही नाही. ताई सेटवरचं सामान सांभाळायची. दिग्दर्शकाला नायक सापडेना, तेव्हा तिनेच धाकट्या भावाचं नाव सुचवलं. तो खरोखर त्या नशेतून बाहेर आलेला. हाताला काम लागेल, चार लोक नावाजतील, एवढाच तिचा विचार.

सिनेमात नायक ओढतो ती पावडर अर्थातच खोटी. ताई घरून ग्लुकोज मलमलीतून गाळून आणायची, पुड्या स्वतः बांधायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. भावाच्या बाबतीत तिचा देवावरही भरवसा नव्हता.

पहिल्याच शॉटला भावाने पुडी नाकाशी नेली आणि ओढली. हळूहळू त्याचे खांदे सैल पडले. तो नाक खाजवू लागला. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या.

"काय अभिनय करतोय पोरगा!" दिग्दर्शक बेहद्द खूश.

ताई मात्र त्याच्या डोळ्यांकडेच पाहत होती. बाहुल्यांना अभिनय करता येत नाही. तिने पुडीतलं उरलेलं जिभेवर ठेवून पाहिलं. गोड होतं, नुसतं ग्लुकोज.

"काय घेतलंस रे?" घरी जाताना तिने विचारलं.

"तू दिलंस तेच," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

शूटिंग संपलं, सेट मोडला. सुटलो एकदाचे, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात पोट आवळून बसलेला, घामाने डबडबलेला. दात वाजत होते.

"ताई, दे ना."

"अरे वेड्या, साखर आहे ती! घे डब्यातली चमचाभर."

"तशी नाही. तू पुडी बांधून दे."

"आणि नाही दिली तर?"

"मग बाहेर जावं लागेल." त्यात धमकी नव्हती. दूध संपलंय म्हणावं, तसं तो म्हणाला.

बाहेर काय मिळतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने खिडकी लावली, ग्लुकोज गाळलं, पुडी बांधली. त्याने ओढली. थरथर थांबली, बाहुल्या बारीक झाल्या आणि चेहऱ्यावर ते जुनं, कुणालाच न ओळखणारं हसू आलं.

"उद्या जरा जास्त कर," तो म्हणाला.

तिने मान डोलावली. तिला स्वतःची किळस आली. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हायसं वाटलं, कारण उद्याही तो घरातच असणार होता.