काट्याचा रेडिओ

संग्रामच्या जीपमध्ये डिजिटल रेडिओ बसला आणि माझं अन्न गोड लागेनासं झालं.

संग्राम माझा मावसभाऊ. गाडी चालवायला त्याला मीच शिकवलं, तेही माझ्याच जीपवर, माझंच डिझेल जाळून. दोन हजार तीनच्या सुमाराला आम्ही दोघंही कोल्हापूरच्या गंगावेशीतून मलकापूरपर्यंत वडाप करायचो. दहा माणसांच्या जीपमध्ये सोळा कोंबायची आणि एसटीच्या आधी पोचवायची, असा तो धंदा. त्यात माझं नाव होतं ते माझ्या रेडिओमुळे. जुनाच होता. काचेमागं आकड्यांची पट्टी, तिच्यावरून सरकणारा लाल काटा आणि काटा फिरवायला एक गोल बटण, बस्स. पण सकाळी फर्माईशीची गाणी लागली की माझ्या जीपमधली माणसं बांबवड्याला उतरायची विसरायची.

मग संग्रामच्या दाजींनी मुंबईहून तो सेट आणला. निळ्या उजेडात आकडे पळायचे आणि स्टेशन सापडलं की आपोआप थांबायचे. वर त्याला रिमोट! हातभर अंतरावरचा रेडिओ लावायला रिमोट कशाला लागतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. थांब्यावरचे सगळे ड्रायव्हर त्या जीपमध्ये डोकं घालून उभे.

"आयला, टकाटक हाय की!"

सगळ्यांनी एकेकदा रिमोट दाबून बघितला. संग्रामनं माझ्यापुढंही धरला. "दादा, दाब की."

"माझं हात ऑइलचं हाईत," मी म्हटलं. हात अगदी स्वच्छ होते.

नुसत्या रेडिओचं दुःख मी गिळलं असतं. पण मध्ये प्रीती होती.

प्रीती मलकापूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. राहायला कोल्हापुरात, त्यामुळं रोज सकाळी आमच्या थांब्यावर यायची. पुढची सीट रिकामी असली की माझ्या शेजारी बसायची आणि गाणं आवडलं की मांडीवरच्या डब्यावर बोटांनी ताल धरायची. बोलणं फारसं व्हायचं नाही. "जरा वाढवा की," एवढं ती म्हणायची आणि मी वाढवायचो. तेवढ्यावर मी मनातल्या मनात लग्न ठरवून मोकळा झालो होतो. आईला सांगूनही ठेवलं होतं, पावसाळा सरला की त्यांच्या घरी जाऊन विचार म्हणून.

आई म्हणाली, "आधी पोरीला इचारलंस का?"

"इचारतो की," मी म्हटलं. आणि रोज विचारायचं राहून जायचं.

आमच्या थांब्यावर नंबर चालतो. ज्याचा नंबर त्याचीच गाडी भरायची, ती सुटल्याशिवाय दुसरीनं पुढं यायचं नाही. नंबर लावायला बाळासो होता आणि तो सख्ख्या बापालाही मध्ये घुसू देत नसे. म्हणजे एकानं दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवायची सोयच नाही. पण गिऱ्हाइकानंच थांबायचं ठरवलं तर त्याला कोण काय करणार? एका सकाळी माझा नंबर लागला. बाळासो ओरडला, "सिस्टर, चला की! फुडची शीट मोकळी हाय!"

प्रीती जागची हलली नाही. "मी मागच्या गाडीनं येते," म्हणाली.

मागची गाडी संग्रामची होती.

त्या दिवशी माझ्या शेजारी म्हशींचा एक दलाल बसला आणि मलकापूर येईपर्यंत तंबाखू मळत राहिला. गाणी चांगली होती, पण एकही कानात शिरलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. खोटं कशाला बोलू, संग्रामच्या रेडिओवर वीज पडावी असं मला रोज वाटायचं. मी सगळीकडं सांगत सुटलो की त्या सेटनं बॅटरी उतरते, इंजिन तापतं, निळ्या उजेडानं डोळे जातात.

बाळासो म्हणाला, "मग टीव्ही बघणारी समदी आंधळीच व्हायला पायजेत की, प्रसेनजीत."

लोक हसले.

पुढं एकदा माझी जीप क्लचच्या कामासाठी गॅरेजला गेली आणि मलकापुरात काम निघालं म्हणून मला संग्रामच्याच गाडीत बसावं लागलं. पुढं प्रीती होती, म्हणून मी मुकाट्यानं मागं शिरलो. केर्लीपर्यंत रेडिओ असा वाजत होता की मला रडू यायचं बाकी होतं. आवाजात खरखर नाही, काही नाही. पण वाघबीळ ओलांडलं, कोल्हापूर डोंगराआड गेलं, आणि तो सेट एकदम मुका झाला. संग्रामनं बटण दाबलं. आकडे पळाले, शेवटच्या आकड्यापर्यंत गेले, परत पहिल्यापासून पळाले, कुठंच थांबेनात. त्यानं हातानं आकडा लावला, तरी आवाज नाही. त्या यंत्राची रीतच तशी. आवाज धड मिळाला तर देणार, अर्धामुर्धा मिळाला तर तोंडच उघडणार नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

माझ्या काट्याचं तसं नव्हतं. वाघबीळच्या पुढं तोही खरखरायचा. पण बटण दोन बोटांत धरून केसभर इकडं, केसभर तिकडं करत राहिलं की बांबवडे येईपर्यंत गाणं हातातून सुटायचं नाही.

मागच्या सीटवर मला इतका आनंद झाला की शेजारच्या म्हातारीला मी माझ्याजवळचे शेंगदाणे दिले. पुढं ती दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होती, पार बांबवडे येईपर्यंत बोलत होती. रेडिओच्या तक्रारीच चालल्या असणार, असं मी धरून चाललो. बोल म्हटलं, चांगलं खडसाव त्याला.

त्यानंतर मी गप्प बसणार होतो थोडाच? "वाघबीळच्या फुडं गाणं ऐकायचं आसंल तर काट्याच्या रेडिओला पर्याय न्हाय," हे मी थांब्यावर येईल त्याला ऐकवलं. कॅरिअरला तांब्याची तार बांधली, ती एरियलला जोडली. आवाज आणखी उजळला. आणि महिन्याभरात माझ्या कष्टाला फळ आलं. माझा नंबर लागला होता. बाळासोनं हाक मारायच्या आधीच प्रीती सरळ येऊन माझ्या पुढच्या सीटवर बसली. नवी साडी नेसली होती.

मी आरशात भांग नीट केला. आज विचारायचंच, बांबवडे गेलं की विचारायचं, असं ठरवून टाकलं.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि संग्राम आत आला. प्रीती माझ्याकडं सरकली, तो कडेला बसला.

"अरं, तुझी गाडी?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे. आज तुझ्या गाडीतनं येतो, दादा. माझा रेडिओ वाघबीळच्या फुडं मुका हुतोय, तुझा धरतोय."

बाळासो खिडकीशी आला. "आन् तुझा नंबर रं?"

"जाऊ दे नंबर."

सगळ्या थांब्यासमोर म्हणाला तो हे! मला वाटलं, गाडीवर चढून ओरडावं. पोरगं हरलं होतं, आणि कबूलही करत होतं. मला त्याची थोडी दयासुद्धा आली. म्हटलं, बस बाबा, बसून ऐक.

गाडी सुटली. केर्ली गेलं. निवेदिका एकेका गाण्याआधी नावं वाचत होती. वाघबीळला खरखर सुरू झाली तसं मी डावा हात बटणावर ठेवला आणि काटा असा धरला की निवेदिकेचा श्वाससुद्धा ऐकू यावा. दोघंही माझ्या बोटांकडं बघत होती. माझी छाती फुगली होती.

निवेदिका म्हणाली, "पुढचं गाणं मागितलंय मलकापूरच्या दवाखान्यातल्या मैत्रिणींनी, लवकरच लग्न करणाऱ्या प्रीती आणि संग्राम यांच्यासाठी."

मागं टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी घातली. प्रीतीनं डब्यावर मान खाली घातली आणि संग्राम तिच्यावरून माझ्याकडं वाकला. त्याचे डोळे भरले होते.

"दादा, घरात आजून कुणाला सांगितलं न्हाय. मावशीलाबी न्हाय. पयलं तुला कळाय पायजे हुतं. आज ह्या येळंला गाणं लागणार, आसं रेडिओवाल्यांनी हिच्या मैत्रिणींना कळवलं हुतं. आन् ते तुझ्याच रेडिओवर कळावं, आसं हिचंच म्हननं."

वर्षभर डब्यावर वाजणारी ती बोटं माझी नव्हती, कधीच नव्हती, आणि हे मला सोळा माणसांदेखत कळत होतं. संग्रामला तिथंच खाली उतरवावं, दोघांनाही उतरवावं, इतका राग आला.

गाणं सुरू झालं होतं आणि काटा माझ्या बोटांत होता. केसभर सोडला असता तर त्यांचं गाणं खरखरीत बुडालं असतं. डोंगर आडवा आला म्हटलं असतं, कुणाला काय कळणार होतं? मी बोटं सैल केली. आवाज फाटला. मागची माणसं "आरं, आरं" करायला लागली.

प्रीतीनं माझ्याकडं बघितलं. "भावजी," ती म्हणाली, "सोडू नगासा की."

आता भावजी म्हटल्यावर माणूस काय सोडणार? बांबवडे येईपर्यंत मी एका हातानं गाडी हाकली आणि दुसऱ्या हातानं त्यांचं गाणं धरून ठेवलं.