एकाच गंजातला भात

पन्नास माणसांचा भात माझ्यात एका वेळी शिजतो. मित्रांनो, एवढ्यावरून तुम्ही मला ओळखलं असेल. मी पितळेचा जुना गंज, म्हणजे भात रांधायचं मोठं पातेलं. कुरखेड्यापासून थोडं आत, जंगलाच्या कडेला एक छोटं ख्रिस्ती प्रार्थना मंदिर आहे. त्याच्या मागच्या पडवीत मी पालथा असतो.

माझी गोष्ट एका दमात सांगता येत नाही. भंडाऱ्यात मला ठोकून ठोकून घडवलं. ते खड्डे अजून अंगावर आहेत आणि आठवणीलाही तसेच खड्डे पडले आहेत. म्हणून एकेका अवयवाने बोलतो.

*तोंड*

ते रुंद आहे. कारण माझ्यात एकाच घरचं काही पडत नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी इथे प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्या मंडळीचं एकत्र जेवण असतं. मंडळीतली प्रत्येक बाई रोज चूल पेटवण्याआधी एक मूठ तांदूळ वेगळा काढते. महिनाभर साठलेला तो तांदूळ झाकून आणायचा आणि दारातच माझ्यात ओतायचा. कोणी किती आणला ते बघायचं नाही. ओतला की तो कोणा एकाचा राहत नाही. गावातली शेतकरी घरं ओतत, नाल्यापलीकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, गोंड घरं ओतत. मी सगळा घेत असे.

*तळ*

माझा तळ काळा आहे. त्याची मला लाज वाटत नाही, कारण इथला भात रांधणाऱ्या कमळाबाईंच्या हाताखाली तो तीस वर्षं भाजला आहे. भात कसा झालाय, हे कमळाबाई नुसत्या वासावरून सांगत. दिवाळी झाली की कल्हईवाला येई, मी आतून चांदीसारखा होई, आणि मुलं माझ्यात वाकून आपली तोंडं बघत. ते माझे कौतुकाचे दिवस.

तेव्हा सगळ्यांच्या शेतात एकच जाडा धान पिके. पुढे गुणवंतरावांच्या शेतात बोअरवेल आली आणि ते बारीक तांदूळ लावू लागले. गुणवंतराव म्हणजे मंडळीतले मोठे शेतकरी. माणूस वाईट नाही. मंदिराच्या छपराचे पत्रे त्यांनीच दिले. त्यांचं पाहून गावातल्या इतरांनीही बारीक लावला. टोल्यावर मात्र जाडाच राहिला.

आणि माझ्या पोटात गडबड सुरू झाली.

"कमळाबाई, हा भात हाय का लापशी?" एका रविवारी गुणवंतरावांनी पत्रावळ वर धरून विचारलं. "अर्धा चिखल, अर्धे खडे!"

"सगळं एकदमच पडते ना भाऊ. तुमचा बारीक गळून जाते अन् टोल्याचा जाडा कच्चाच राह्यते. मी काय आत जाऊन बसू?"

लोक हसले. गुणवंतरावही हसले. पण पुढच्या महिन्यात ते वडशाहून स्टीलचा नवा गंज घेऊन आले.

"बारीक याच्यात, जाडा त्याच्यात," ते म्हणाले. "झगडाच मिटला."

कोण कुठे बसेल, हे कोणी सांगितलं नाही. रांगा आपोआप दोन झाल्या, नव्यापुढे गावाची आणि माझ्यापुढे टोल्याची.

टोल्यावरचा कोलू त्या दिवशी उशिरा आला. टोल्याचा तो वडीलधारा माणूस. भजनाला ढोल तोच वाजवायचा. त्याने चकाकणारा गंज पाहिला, मला पाहिलं, माझ्यापुढची रांग पाहिली. त्याच रांगेत बसून जेवला. जाताना, उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना म्हणाला, "भात चांगला होता जी."

पुढच्या महिन्यात टोल्यावरून कोणीच आलं नाही. यापुढे आम्ही आमच्याच आंब्याखाली प्रार्थना करू, असा निरोप तेवढा आला.

*पोट*

त्या रविवारी मी रिकामा होतो.

या अवयवाला एवढंच सांगायचं आहे.

*कान*

म्हणजे माझी दोन कडी. त्या दुपारी जे ऐकलं ते ती सांगतात.

जेवणं झाली होती. स्टीलच्या गंजात अर्धा भात उरला होता. पाळक सोमाजी पायरीवर बसले होते. त्या सकाळी त्यांनी मंडळीला फार जुनी एक हकिकत सांगितली होती. पहिल्या काळातले विश्वासणारे धनी आणि गुलाम असा भेद बाजूला ठेवून एकत्र जेवत. पण एका शहरातल्या मंडळीत पैसेवाले लवकर येऊन खाऊन घेत आणि राबून उशिरा येणारे उपाशी राहत. तेव्हा प्रेषिताने त्यांना पत्रातून चांगलंच खडसावलं. असलं जेवण प्रभूचं कसं म्हणायचं, असा त्याचा सवाल होता.

गुणवंतरावांना ते लागलं होतं. "मी कोणाले उपाशी ठेवलं का, पाळकसाहेब? दोन्हीकडं भातच होता. सारखाच वाढला."

"सारखा वाढला भाऊ. पण संगं नाई वाढला. आता आपल्या एका मंडळीच्या दोन होऊन राह्यल्या. एकदा आंब्याखाली बसले की ते परत येतील का, मले नाई वाटत."

कमळाबाई राखेने हात घासत होत्या. त्या एकदम थांबल्या.

"चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं भात करून राह्यली अन् एवढं सुचलं नाई. जाडा आधी टाकाचा. तो अर्धा शिजला की मंग बारीक. दोघं संगंच उतरतील."

"पण मंग कोणाचा कोणता ते दारातच दिसंल," पाळक म्हणाले. "झाकून आणाची रीत मोडंल ना."

"दिसू द्या जी. जाड्याले लाज कायची? आगीचा पहिला मान त्याचा. बारकाले जरासं थांबा लागंल, बस."

"ठीक हाय," गुणवंतराव म्हणाले. "करून पाहा."

"कायचं करून पाहू? जाडा हाय कुठी? तो टोल्यावर हाय. तुम्ही आणा."

"मी?"

"मी गेली तं म्हणतील, भातवाली आली. तुम्ही गेले तं त्याईले समजंल."

"जाऊन म्हणू तरी काय?"

"भूक लागली म्हणा. अन् हा गंज घेऊन जा. मागाले आलेल्याच्या हाती भांडं पाह्यजे."

मित्रांनो, दुसऱ्या सकाळी गुणवंतरावांनी मला दोरांनी फटफटीवर बांधलं. नाल्यातल्या दगडांवर मी असा काही खणखणलो की टोल्यावर आधी कुत्री धावून आली, मग पोरं, आणि त्यांच्या मागून कोलू.

"जोहार भाऊ," तो म्हणाला. "कल्हई कराले निघाले का?"

"नाई. तांदूळ मागाले आलो."

कोलूने माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या घरी तं पोत्यानं हाय."

"तो सारा बारीकच हाय." गुणवंतरावांनी मला खाली ठेवलं. दोन्ही कडी घट्ट धरली होती. "कोलू, तो नवा गंज मी आणला. मले वाटलं झगडा मिटंल. तुम्ही आलेच नाई, अन् जेवण गोड लागलं नाई. अर्धा भात गाईले घातला. गाय बी माह्याकडं अशी पाहून राह्यली होती, का विचारू नको."

कोलू हसणार नव्हता. त्याने तसं ठरवलं असावं. पण गाईने त्याला हरवलं.

"उर्वशी," त्याने घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "तांदूळ हाय का वं?"

उर्वशी डबा घेऊन बाहेर आली. डबा गळ्यापर्यंत भरला होता.

"मूठ तं रोजच काढून राह्यली मी," ती म्हणाली. "थांबवली कोणी? कोणाले द्याची, एवढंच ठरलं नव्हतं."

तिने डबा माझ्यात उपडा केला. मग शेजारची आली, मग तिची जाऊ. प्रत्येकीकडे डबा होता. त्या तांदळाच्या आवाजाने माझा जीव भांड्यात पडला, असं म्हणतो. आणि भांडं मीच असल्यामुळे तो कुठे पडला ते मला नीट कळलं.

*पुन्हा पोट*

पुढच्या प्रीतिभोजनाला जाडा आधी पडला. बारीक तांदळाची टोपली घेऊन गुणवंतराव चुलीपाशी उभे.

"टाकू का?"

"थांबा," कमळाबाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने पुन्हा. "आता टाकू?"

"थांबा म्हटलं ना भाऊ!"

"या, इथं बसा," कोलू ढोलाच्या दोऱ्या ताणत म्हणाला. "आम्हाले वाट पाहाची सवय हाय. शिकवतो तुम्हाले."

गुणवंतराव टोपली मांडीवर घेऊन त्याच्या शेजारी बसले. कमळाबाईंनी मान हलवली तेव्हा धावत आले आणि निम्मा तांदूळ माझ्यात, निम्मा चुलीपाशी सांडला.

झाकण निघालं. भात मोकळा झाला होता. खडा नाही, चिखल नाही. वाफ छपराला लागली आणि पाळकसाहेबांनी इतका मोठा श्वास सोडला की पोरांनी त्यांची नक्कल केली. रांग एकच बसली. स्टीलच्या गंजाला आम्ही हाकललं नाही बरं का. त्यात वरण होतं, आणि तो मला आता दादा म्हणतो, असं मी समजतो.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखं कोणी असेल तर चिंचेने घासा, वर्षातून एकदा कल्हई लावा. कल्हई उडालेल्या पितळेत शिजवू नका, पोटात बिघाड होतो. माझं मागणं इतकंच. आणि झाकण उघडण्याआधी दारातून एकदा नाल्याकडे बघा. कोणी यायचं राहिलं असेल तर खुशाल थांबा. मी जाड पितळेचा आहे, लवकर निवत नाही.