कामठ्याची पृथ्वी

कामठ्यात विश्व धान मेळा भरला तेव्हा छप्पन्न देश आले होते म्हणे. बकारामने स्वतः मोजले होते: झेंडे छप्पन्न, गोरी माणसं चार, त्यातली दोन रस्ता चुकलेली.

दहा दिवसांत मेळा उठला, वारसा तेवढा राहिला. जपानच्या मंडपात गावच्या पुनारामच्या म्हशी, फ्रान्समध्ये धानाचं तणस, आणि तलावाच्या पाटात दोन पुरुष उंच लोखंडी पृथ्वी. इंजिनेर शहरातला. फेब्रुवारीत पाट कोरडा दिसला, त्याला वाटलं गाववाल्यांनी पायाच खोदून ठेवला.

आता आषाढात पावसाने दडी मारलेली. तलावात पाणी होतं, पण पृथ्वीच्या चौथऱ्यापुढे सरकेना. खालच्या धानाच्या बांध्यांत बकारामचे लावणीला आलेले पऱ्हे पिवळे पडले, शेजारच्या सुभद्राबाईचेही.

"आठ दिवसात रोवणा नाही झाला त साल गेलं," सुभद्राबाई म्हणाली. "अन् तू कायले हासून राहिला?"

"मेळ्याच्या साहेबाचं उत्तर आठवून राहिलो, काकी. चार अर्ज देल्ले. म्हणते, आंतरराष्ट्रीय वारसा आहे, हालवता येत नाही."

"मंग?"

"मंग पाचवा देतो. हालवू नका म्हणून."

पाचवा अर्ज घेऊन तो थेट शेजारच्या कुडव्याला गेला. जवाई लोकेशच्या गॅरेजशेजारी टपरी होती, तिथे कुडव्याचा पुढारी कैलाश रोज बसायचा. बकारामने चहा मागवला आणि अर्ज मोठ्याने वाचला: "कुडवेवाले आमची पृथ्वी मांगून राहिले असं ऐकलं. देऊ नये. त्यायची लायकी नाही."

"किसकी लायकी?" कैलाशचा कप बशीतच राहिला.

चार अर्जांनी न हाललेली पृथ्वी कैलाशच्या एका फोनवर हालली. तिसऱ्या दिवशी क्रेन आली, मागे बँड. चौथऱ्यासकट उपटली. बकाराम विरोध म्हणून क्रेनपुढे दोन मिनिटं आडवाही पडला, पँट मळू नये म्हणून खाली पोतं टाकून.

पाणी खळखळत बांध्यांत उतरलं. रोवणा सुरू झाला, आणि गुडघाभर चिखलात बकारामचा फोन वाजला. लोकेश होता.

"मामाजी, पृथ्वी गॅरेजच्या तोंडातच ठेवली जी. एकही गाडी अंदर येऊन नाही राहिली."

बकारामने फोन दुसऱ्या कानाला लावला. सुभद्राबाई पऱ्ह्याची पेंडी हातात धरून बघत होती.

"कोरा कागद आहे का, जवाईबापू? लिवा, हालवू नका. पण वाचाले दूरच्या टपरीवर जा. अन् तिथं आपला कोणी सोयरा नाही, हे पह्यले पाहून घ्या."