माहिती अपुरी असलेला कंद

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही. मी रागावलो नाही. म्हणजे, तुमच्यावर नाही.

मी एक म्हातारा कंद आहे. पोंभुर्ण्याकडच्या जंगलात एक मोकळा गवताळ माळ आहे, त्याच्या पोटात राहतो. पावसाळ्यात माझा वेल गवताच्या काडीला धरून वर चढतो. भादव्यात त्याला कंदिलाच्या आकाराचं, हिरवट जांभळं, बोटाच्या पेराएवढं फूल येतं. मग शेंग, मग रेशमी शेपटीच्या बिया, मग वारा. एवढं झालं की वेल वाळतो आणि मी झोपतो, थेट पुढच्या पावसापर्यंत. त्या काळात जगात काय झालं ते मला कळत नाही. म्हणून माझी गोष्ट मधेमधे तुटते. चालवून घ्या.

मला ऊन लागतं आणि आधाराला गवत. डोक्यावर झाडाची सावली आली की मी संपलो.

गावातली माणसं आमच्यातले काही कंद खणून उकडून खायची. त्याचं दुःख नाही, कारण त्यांचा एक नेम होता. पंडुम, म्हणजे नव्या कंदाची गावपूजा झाल्याशिवाय आम्हाला खणायचं नाही, तोडायचं नाही, आमच्याकडे बोटसुद्धा दाखवायचं नाही. आणि पूजा व्हायची ती बिया उडून गेल्यावरच. या नेमावर आमच्या कितीतरी पिढ्या जगल्या.

याच नेमानं घात केला.

एका भादव्यात बल्लारपूरची फरहा आली. ती वनस्पतींचा अभ्यास करते. स्कूटी खाली ठेवून, चिखल तुडवत माळावर चढली. गावातली वच्छलाबाई तिथं गवत कापत होती. फरहानं मोबाइलवर एका फुलाचा फोटो दाखवला. फोटो माझ्या भावकीतला, कुठल्यातरी दुसऱ्या जिल्ह्यातला.

"बाई, असं फूल इथी पाह्यलं का?"

वच्छलाबाईचा पाय माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. मी ऐन फुलात होतो.

"नाई," ती म्हणाली.

"नीट पाहा ना. कंदिलासारखं असते."

"आमच्याकडं लाईट आली, पोरी. कंदील कोन ठेवते आता?"

"बाई, मस्करी नका करू. गवतावर चढणारा वेल आहे."

"दिवाळीनंतर ये. पंडुम होऊ दे. मंग बोलू."

"दिवाळीनंतर वेल वाळून जाते! मग काय पाहू?"

"बोलाले वेल कायले पाह्यजे?"

फरहा संध्याकाळपर्यंत शोधत राहिली. हिरव्या गवतात हिरवा वेल, सापडणार कसा? एकदा तर माझ्याशेजारच्या दगडावर बसून पाणी प्यायली. मला ओरडता येत असतं तर! पण मी तेव्हा मनात म्हटलं, शाबास वच्छलाबाई, नेम पाळलास. आता वाटतं, कसली शाबासकी! तेव्हाच जर मी वाऱ्यावर जरा जोरात हललो असतो आणि तिचं लक्ष

(झोप.)

तर, मित्रांनो, जागा झालो तेव्हा माळ अर्धा राहिला होता. दुसऱ्या अर्ध्यात ओळीनं चौकोनी खड्डे, खड्ड्यांत सागाची रोपं. तिथले माझे सोबती गेले. खड्डे खणताना वर आले असतील, उन्हात सुकले असतील. मला माहीत नाही, मी झोपलो होतो.

भादव्यात फरहा पुन्हा आली ती तणतणतच.

"जंगल खात्याच्या हापिसात लिहिलं आहे, या माळावर दुर्मिळ काहीच नाही. पडीत जमीन, जंगल वाढवा. तुम्हीच नाई म्हणाल्या होत्या, म्हणून मी तसं लिहून दिलं, बाई!"

"तू फूल कुठी हाये म्हनून इचारलं. बोट दाखवाले मनाई हाये. इथी खड्डे खोदू का म्हनून इचारलं असतं तं विळा घेऊन हुभी राह्यली असती मी."

"मले कुठी माहीत होतं खड्ड्यांचं?"

"मंग मले कुठी माहीत होतं तुह्या लिहिन्याचं?"

मग फरहानं सांगितलं की दुर्मिळ झाडांची एक दर्जावारी असते. कुणी धोक्यात, कुणी फारच धोक्यात. माझ्या नावापुढं काय आहे? 'माहिती अपुरी.' धोक्यात असतो तर एखादं कुंपण तरी मिळालं असतं. माहिती अपुरी असलेल्याभोवती खड्डे खणतात.

"उरलेला माळ उन्हाळ्यात खोदणार आहेत," फरहा म्हणाली. "इथलं फूल दाखवलं तरच थांबेल."

पंडुम अजून लांब होता. वच्छलाबाई खाली बसली आणि गवत कापू लागली. कापत कापत माझ्यापर्यंत आली, मला वळसा घालून पुढं गेली. सगळ्या कापलेल्या पट्ट्यात गवताचा एकच झुपका उभा राहिला. त्या झुपक्यावर मी.

"हे काऊन सोडलं, बाई?"

"विळा बोथट झाला," वच्छलाबाई म्हणाली आणि भलतीकडेच पाहू लागली.

फरहा गुडघ्यांवर बसली. "या अल्ला," ती हळूच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी इतकं हळू बोललं होतं.

फोटो हापिसात गेले. उत्तर आलं तेव्हा माझ्या बिया उडत होत्या. फरहानं मोबाइलवरून वाचून दाखवलं: फोटोवर भागणार नाही, साहेब प्रत्यक्ष पाहणीला येतील. उन्हाळ्यात. ओल्यात इथं जीप चढत नाही.

उन्हाळ्यात!

"येऊ दे त्याहीले," वच्छलाबाई म्हणाली. "पंडुम झाला असन. मंग मी सोताच बोट दाखवीन."

"कशाकडे, बाई? सुक्या मातीकडे?"

"खनून दाखवीन ना. हातात देईन त्याहीच्या."

आणि मग वच्छलाबाईचा चेहरा उतरला. आपण काय बोललो ते तिला कळलं. फरहालाही कळलं. मला तर केव्हाच कळलं होतं. मला बाहेर काढलं की मी आहे हे सिद्ध होईल, आणि मी नसेन.

दोघींनी अजून काही ठरवलेलं नाही. फरहा रोज अर्ज करते आहे, पाहणी पावसात करा म्हणून. वच्छलाबाई म्हणते, पुढच्या भादव्यात साहेबांना बैलगाडीतून आणू.

माझी पानं पिवळी पडली आहेत, मित्रांनो, म्हणून घाईनं सांगतो. एखादा सुका, उजाड माळ दिसला तर लगेच 'इथं काही नाही' असं म्हणू नका. तिथं आधी कुणाचा पाऊस कधी असतो ते विचारा. आणि त्या साहेबांना कुणीतरी सांगा, की थोडं थांबा, जून लागू द्या, मी नक्की